रूप आणि संप्राप्ती : जुन्या निदानग्रंथांच्या संग्रहाविषयी

ग्रंथसंग्राहकांत जुने वैद्यकग्रंथ जमविणारे थोडे, आणि त्यांतही रोगाचे स्वरूप सांगणारे ग्रंथ शोधणारे फारच थोडे. औषधांच्या पोथ्या घरोघर जपल्या जातात, कारण कधीतरी त्यांचा उपयोग होईल अशी आशा असते. रोग कसा ओळखावा, तो का होतो, शरीरात तो काय काय घडवितो हे सांगणाऱ्या ग्रंथांना, म्हणजे पूर्वीच्या भाषेत निदानग्रंथांना आणि आजच्या भाषेत विकृतिशास्त्राच्या ग्रंथांना, तसा वाली नाही. धार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीत पवारांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांच्या वाड्यांतून असे ग्रंथ होते, आणि काही ठिकाणी अजूनही आहेत. आता वाडे विकले जात आहेत, मुले पुण्या-बंगळुरास आणि त्याही पलीकडे स्थायिक झाली आहेत. माळ्यावरचे पेटारे उतरले की पुस्तकांचे वजन होते, वाचन होत नाही. अशा वेळी कोणता ग्रंथ राखावा आणि तो कोणत्या कसोटीवर निवडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सध्या दोन कसोट्या प्रचारात आहेत. पहिली बाजाराची. ग्रंथ किती जुना, कोणत्या आवृत्तीचा, चित्रे किती, बांधणी मूळची की नंतरची, यावर त्याचे मोल ठरते. दुसरी कसोटी श्रद्धेची. पूर्वजांचा ग्रंथ आहे, त्यात सर्व काही आहे, म्हणून तो लाल फडक्यात बांधून देवघराशेजारी ठेवायचा. पहिल्या कसोटीने ग्रंथाचा जिन्नस होतो, दुसरीने त्याची मूर्ती होते. दोन्हींत तो उघडून वाचण्याचे कारण उरत नाही. आमच्या मते या ग्रंथांची खरी कसोटी त्यांच्याच पोटात सापडते, आणि ती देणारा ग्रंथ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असण्याचा संभव आहे. तो म्हणजे ‘माधवनिदान’.

माधवकराने इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाचे मूळ नाव ‘रुग्विनिश्चय’. त्यात औषधे नाहीत. केवळ रोगांचे ज्ञान आहे. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत विखुरलेले रोगवर्णन एकत्र करून माधवकराने ते एकोणसत्तर प्रकरणांत लावले. वैद्यपरंपरेत निदानासाठी माधव, सूत्रस्थानासाठी वाग्भट, शारीरासाठी सुश्रुत आणि चिकित्सेसाठी चरक श्रेष्ठ मानले गेले, यावरून त्याची योग्यता कळते. इसवी सन ८५० च्या सुमारास लिहिलेल्या अल्-तबरीच्या अरबी वैद्यकग्रंथातही हिंदी ग्रंथांमध्ये चरक-सुश्रुतांच्या जोडीने निदानग्रंथाचा उल्लेख येतो. विजयरक्षित व श्रीकंठदत्त यांची ‘मधुकोश’ टीका, पुढे मुंबईच्या छापखान्यांनी काढलेल्या सटीक आणि सार्थ आवृत्त्या, आणि आयुर्वेद महाविद्यालयांतील आजचे अध्ययन, अशी त्याची अखंड परंपरा आहे.

माधवकर पहिल्याच प्रकरणात रोगज्ञानाची पाच साधने सांगतो. निदान म्हणजे कारण; पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चाहूल; रूप म्हणजे प्रकट लक्षणे; उपशय म्हणजे कोणत्या आहार-विहाराने व औषधाने बरे वाटते ते; आणि संप्राप्ती म्हणजे दोष कसे बिघडून, कोणत्या मार्गाने रोग उत्पन्न झाला त्याची उपपत्ती. यांपैकी रूप आणि संप्राप्ती या दोन शब्दांवर आमचे सारे म्हणणे उभे आहे. रूप डोळ्यांनी पाहिलेले असते, संप्राप्ती बुद्धीने रचलेली असते. संप्राप्ती काळाबरोबर बदलते, तिच्यावरून वैद्यकांच्या पंथांत वाद होतात. नीट पाहून लिहिलेले रूप मात्र हजार वर्षांनीही ओळखू येते. निदानग्रंथाचे मोल ठरविताना त्यातील रूप किती खरे उतरले आहे, हे प्रथम पाहावे.

उदाहरणार्थ राजयक्ष्म्याचे प्रकरण घ्या. वेग रोखणे, धातूंचा क्षय, शक्तीबाहेरचे साहस आणि विषम भोजन अशी चार कारणे तेथे दिली आहेत. १८८२ साली रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखविल्यावर कारणांच्या या यादीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पण खांदे व बरगड्या दुखणे, हातापायांची आग, सर्वांगात ज्वर, ही जी तीन लक्षणे एकत्र सांगितली आहेत, ती वाचून कोणत्याही काळचा वैद्य थबकेल. देवासकरांना तर हे प्रकरण परके वाटूच नये. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला आले आणि पुढची काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले, ही गोष्ट गावाच्या स्मृतीत आहे. नव्या औषधाने ते बरे झाले. औषध नवे होते. रोगाचे रूप मात्र ग्रंथातले, जुनेच होते.

मसूरिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. मसुराच्या दाण्यांसारख्या पुळ्या येतात म्हणून हे नाव. पूर्वीच्या संहितांत या रोगाला फारशी जागा नव्हती. माधवकराने त्याला स्वतंत्र प्रकरण दिले. आमवात, शूल आणि अम्लपित्त यांनाही त्याने असेच वेगळे स्थान दिले. म्हणजे हा निव्वळ संकलक नव्हता. भोवतालचे रोगी पाहून जुन्या मांडणीत भर घालणारा ग्रंथकार होता. मसूरिकेला मराठीत आपण ‘देवी’ म्हणत आलो, माळव्यात ती ‘माता’. हिंदुस्थानात लस टोचण्याचा आरंभ १८०२ साली मुंबईत झाला. देशातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातूनच रोग गेल्याचे जाहीर झाले. आज तरुण डॉक्टरांपैकी कोणीही देवीचा रोगी पाहिलेला नाही. हा रोग आता वर्णनांतून आणि चित्रांतूनच उरला आहे. ज्या वर्णनाची जागा घेणारा रोगीच उरलेला नाही, ते जुने झाले म्हणून टाकून कसे देता येईल?

हीच कसोटी मराठी मुलखात छापल्या गेलेल्या एका अतिदुर्मिळ ग्रंथास लावून पाहू. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांविषयीचा संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याच्या मूळ प्रती जगात मोजक्याच उरल्या आहेत. संग्राहक तो मिळविण्यासाठी धडपडतात याची दोन कारणे सांगितली जातात: एक, तो गोव्याच्या आरंभीच्या छापील ग्रंथांपैकी आहे, दुसरे, पोर्तुगीज महाकवी कामोंइश याची छापली गेलेली पहिली कविता त्यात आहे. दोन्ही कारणे खरी, पण बाहेरची. आमच्या दृष्टीने या ग्रंथाचा प्राण पटकीच्या संवादात आहे. नाडी हाताला न लागणे, अंग गार पडून थंड घाम सुटणे, तरीही आत आग आणि अनिवार तहान, डोळे खोल जाणे, पायांत पेटके येणे, असे रोग्याचे चित्र ऑर्ता उभे करतो. कॉलऱ्याचा जंतू सापडण्यापूर्वी तीनशे वर्षे लिहिलेले हे रूप आजही एका शब्दाने खोटे ठरत नाही. त्याची संप्राप्ती मात्र ग्रीक वैद्यकातील पित्ताची आहे. ती कालबाह्य झाली.

त्याच संवादात इथल्या लोकांचा शब्दही येतो. आपली ‘मोडशी’ पोर्तुगीजांच्या तोंडी बदलली आणि फ्रेंचांनी तिचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे शब्द करून टाकले. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ही हकीकत आली आहे. आज मराठीत मोडशी म्हणजे साधे अपचन. एका भयंकर रोगाचे नाव घरगुती तक्रारीपर्यंत कसे उतरत आले, हे ज्याला पाहायचे असेल त्याला कोशाबरोबर निदानग्रंथही उघडावे लागतात. असे ग्रंथ साहित्यसंस्थेच्या कक्षेत येतात ते यामुळेच.

युरोपातील निदानग्रंथांच्या संग्रहात जी नावे अग्रभागी असतात, त्यांनाही हाच न्याय लावावा. मॉर्गान्यी याचा रोगांची स्थाने आणि कारणे शवविच्छेदनाने शोधणारा ग्रंथ १७६१ साली व्हेनिसमध्ये निघाला, तेव्हा ग्रंथकार एकोणऐंशी वर्षांचा होता. सुमारे सातशे रोग्यांची हकीकत त्याने सत्तर पत्रांच्या रूपाने लिहिली. रोगी कोण, त्याचा व्यवसाय काय, तो कसा आजारी पडला, आणि मृत्यूनंतर शरीरात काय आढळले, हा क्रम त्याने सोडला नाही. सिद्धान्तापुढे वृत्तान्ताला मान देणारी ही शिस्तच त्या ग्रंथाचे वैभव आहे. मॅथ्यू बेली याचा इंग्रजीतील ग्रंथ १७९३ साली आला, आणि त्याची चित्रमाला १७९९ ते १८०३ या काळात. त्या चित्रांत एका फुगीर फुप्फुसाचे चित्र आहे; ते कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे, असे मानले जाते. इंग्रजीचा कोश रचणाऱ्या पुरुषाचा श्वास का कोंडत होता, ते या चित्रात दिसते. अशी चित्रे फाडून, चौकटीत बसवून सुटी विकण्याचा धंदा पुस्तकबाजारात चालतो. मजकुरापासून तोडलेले चित्र शोभेचे होते. त्याचे निदानमूल्य संपते. संग्राहकाने असे सुटे पान घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडचे सर्वांत बोधप्रद उदाहरण. १८५८ हे साल या विषयात विलक्षण आहे. बर्लिनमध्ये फिर्खो याचा पेशींच्या विकृतीवरील ग्रंथ निघाला, लंडनमध्ये ग्रे याचे शारीर निघाले, आणि ग्रेच्या ग्रंथातील चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पुढे तो साताऱ्यासही होता. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायात काटा मोडावा, पाय हळूहळू सुजावा, त्यास छिद्रे पडून काळे किंवा फिकट दाणे बाहेर यावेत, असा एक रोग दक्षिणेत ‘मदुरा पाय’ म्हणून ओळखला जाई. कार्टरने त्याचा पिच्छा पुरविला आणि १८७४ साली त्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. रोगाचे मूळ बुरशीत आहे असे त्याने मांडले. त्याने दाखविलेल्या एका बुरशीला इंग्लंडातील शास्त्रज्ञाने कार्टरचेच नाव दिले. पण ती बुरशी बाहेरून आलेली, रोगाशी संबंध नसलेली निघाली. काही प्रकारांत तर कारण बुरशी नसून जंतू असतो, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणजे संप्राप्तीचा काही भाग ढासळला. पण काळ्या आणि फिकट दाण्यांचा त्याने केलेला भेद आणि त्याच्या चित्रांतले कापलेल्या पायाचे अंतरंग आजही प्रमाण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हा रोग उपेक्षित रोगांच्या यादीत घातला, यावरून कार्टरचे रोगी अजून संपलेले नाहीत हे कळते. ग्रेच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती मोठ्या किमतीला जाते. कार्टरच्या स्वतःच्या ग्रंथाचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. बाजाराची कसोटी किती तोकडी आहे, याचा याहून दुसरा पुरावा नको.

मराठीपुरते बोलायचे तर या ग्रंथांचे आणखी एक मोल आहे. १८२६ साली मुंबईत देशी वैद्यकशाळा निघाली. तिचे प्रमुख मॅक्लेनन यांनी युरोपीय वैद्यकाची पुस्तके मराठी व गुजराती भाषांत करविली. १८३२ साली शाळा बंद झाली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. पुढे त्यातून शिकलेल्या सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी मराठीत वैद्यकावर लेखन केले. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी तर पाश्चात्त्य वैद्यक शिकून वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ १८८० साली संपादून छापले. या पिढीपुढचा प्रश्न भाषेचा होता. सुजेला ‘शोथ’ म्हणावे की सूजच म्हणावे? ‘पटकी’ लिहावे, ‘विषूचिका’ लिहावे की ‘कॉलरा’? घरगुती शब्द रोग्याला कळतो, संस्कृत शब्द पंडिताला, इंग्रजी शब्द डॉक्टरला. या तिघांच्या मध्ये उभे राहून जे गद्य घडले, ते मराठी शास्त्रीय गद्याचे पहिले पीक होय. आपल्या वाङ्मयेतिहासांत नाटके, कादंबऱ्या आणि निबंध यांना प्रकरणे मिळतात, या गद्याला मोठ्या मुश्किलीने ओळभर जागा मिळते. ही उपेक्षा ग्रंथ हाताशी नसल्याने झाली, आणि ग्रंथ हाताशी नाहीत कारण ते कोणी ‘साहित्य’ म्हणून जपले नाहीत.

संग्रह कसा करावा, याचे आदर्शही डोळ्यांसमोर आहेत. विल्यम ऑस्लर या वैद्यवर्याने आपला ग्रंथसंग्रह मॅकगिल विद्यापीठास दिला. त्याची साडेसात हजारांहून अधिक नोंदींची सूची त्याच्या मृत्यूनंतर, १९२९ साली, प्रसिद्ध झाली. त्या सूचीत ग्रंथांची विभागणी किमतीवर किंवा आकारावर नाही. ज्ञान कोणत्या ग्रंथाने पुढे सरकले, या क्रमाने पहिला विभाग लावला आहे, आणि वाङ्मयाचा एक स्वतंत्र विभाग आहे. याउलट हेन्री वेलकम याच्या वतीने १९११ ते १९२१ या काळात डॉ. पैरा मल यांनी हिंदुस्थानभर फिरून जमविलेली सहा हजारांहून अधिक संस्कृत हस्तलिखिते लंडनला गेली. ती तेथे सुरक्षित राहिली, हे मान्यच केले पाहिजे. पण कोणत्या गावच्या कोणत्या घरात ती वाचली जात होती, हा त्यांचा संदर्भ पुष्कळ अंशी तुटला. मधला मार्ग भाऊ दाजी लाड यांच्या हस्तलिखितांचा. ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत संग्राहकाच्या नावासह, एकत्र राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९३९ साली वैद्यक हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचा खंड काढला. कोणत्याही संग्रहाची इमारत अशा सूचीच्या पायावरच उभी राहते.

याच दृष्टीने एक अप्रिय मुद्दाही मांडला पाहिजे. धारच्या अभिमानाचा विषय असलेल्या भोजराजाच्या नावावर ‘राजमार्तंड’ हा वैद्यकग्रंथ आहे. आपल्याकडील उत्साही मंडळी जुन्या वैद्यकाचा विषय निघाला की प्रथम त्याचेच नाव घेतात. पण तो योगसंग्रह आहे, औषधांची कृती सांगणारा. त्यात रोगाचे रूप शोधणे म्हणजे पाकशास्त्राच्या पुस्तकात शेतीची माहिती शोधण्यासारखे आहे. तो जपावा, पण निदानग्रंथांच्या फळीवर ठेवू नये. गावाचा अभिमान हा संग्रहाचा हेतू असू शकतो, वर्गीकरणाचा नव्हे.

मग धार-देवासच्या घरांतून राखण्याजोगे काय? आमच्या मते महत्त्वाच्या प्रती तीन प्रकारच्या. पहिला प्रकार म्हणजे समासांत टिपा असलेली माधवनिदानाची किंवा कोणत्याही निदानग्रंथाची प्रत, मग ती कितीही सामान्य आवृत्तीची असो. कोणत्या साली गावात कोणती साथ आली, कोणत्या रोग्यात ग्रंथातले लक्षण दिसले आणि कोणते दिसले नाही, हे जेथे जेथे घरातल्या वैद्याने बोरूने लिहून ठेवले असेल, तेथे छापील पानाला माळव्याचे रूप मिळालेले असते. अशी प्रत जगात एकच असते. दुसरा प्रकार म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मराठी वैद्यकाची पाठ्यपुस्तके, फाटकी असली तरी. तिसरा म्हणजे संस्थानी दवाखान्यांतील डॉक्टरांनी वापरलेले आणि आज ‘जुनी आवृत्ती’ म्हणून टाकून दिले जाणारे इंग्रजी ग्रंथ, त्यांवरील शिक्के आणि नावांसह. जी प्रत कोरी, स्वच्छ आणि कुणीच न वाचलेली, ती बाजारात महाग. आमच्या कसोटीवर ती सर्वांत शेवटी येते. आणि प्रती हाती आल्यावर नवी चकचकीत बांधणी करून जुनी पाने छाटणे, चिकटपट्टी लावणे, नावे खोडणे, हे उपचार रोगापेक्षा भयंकर ठरतात.

शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांस एक गोष्ट चांगली ठाऊक असते: ज्याची नोंद नाही ते अस्तित्वात नाही असे धरले जाते. संस्थेकडे या ग्रंथांसाठी कपाट नसेल, निधी नसेल; पण नोंदवही असू शकते. ग्रंथाचे नाव, छापखाना व साल, कोणाच्या घरी, आणि समासांत काय लिहिले आहे, या चार रकान्यांसाठी पैसा लागत नाही. ग्रंथ घरातच राहू द्यावा. उद्या घर बदलले तर तो कोठे गेला तेवढे कळावे. ज्यांना ठेवणे अशक्य असेल त्यांनी तो उज्जैनच्या प्राच्य ग्रंथसंग्रहासारख्या सार्वजनिक ठिकाणी, घराण्याच्या नावासह द्यावा.

शेवटी एका शब्दाविषयी. संस्कृतात निदान म्हणजे कारण. मराठीत त्याचा अर्थ रोग ओळखणे असा झाला, आणि बोलण्यात ‘किमान’ असाही. हे सारे ग्रंथ वाचविणे आपल्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. पण पेटारा रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी निदान एकदा तो उघडून पाहावा आणि निदान यादी तरी करावी, एवढी अपेक्षा माळव्यातल्या मराठी घरांकडून करणे अवाजवी होणार नाही.